इंग्रजी शिकवायला शिकताना

इंग्रजी शिकवण्याच्या प्रशिक्षणवर्गाचा पहिला तास पुष्कळदा इंग्रजीत नसतोच. दहा-बारा जण नव्या वह्या उघडून बसलेले असतात. प्रशिक्षक आत येतो आणि एकदम स्वाहिली, हंगेरियन किंवा अशाच, त्या खोलीत कुणालाही न येणाऱ्या भाषेत बोलायला लागतो. छातीवर हात ठेवून काहीतरी म्हणतो, समोरच्याकडे हात करतो, भुवया उंचावून वाट पाहतो. कुणीतरी अंदाजाने तेच म्हणतं. तो मान डोलावतो, पुन्हा म्हणायला लावतो, मग सगळ्यांकडून एकसाथ, मग एकेकाकडून. अर्ध्या तासात वर्ग त्या भाषेत नमस्कार करतो, नाव सांगतो, चहा हवा की कॉफी हे विचारतो.

मग तो इंग्रजीवर येतो आणि एवढंच विचारतो, की कसं वाटलं? उत्तरं दर खेपेला साधारण सारखीच येतात. पाच मिनिटांत डोकं जड झालं. तो सलग दोन वाक्यं बोलला की काही कळायचं बंद व्हायचं. एकट्याने म्हणायची पाळी आली तेव्हा घाम फुटला, सगळ्यांबरोबर म्हणताना बरं वाटलं. शब्द कानाला नीट कळण्याआधीच तो फळ्यावर लिहिला, तेव्हा उच्चार बिघडला. नेमक्या याच गोष्टी पुढचे चार आठवडे शिकवल्या जाणार असतात. फक्त आता वर्गातल्या प्रत्येकाला त्या स्वतःच्या जिभेवर माहीत झालेल्या असतात.

ज्या अभ्यासक्रमांत हे घडतं त्यांतला सर्वांत नावाजलेला म्हणजे केंब्रिजचा सेल्टा. ट्रिनिटी कॉलेज लंडनचं सर्ट-टिसॉल हे प्रमाणपत्र त्याच तोलाचं. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना, मुख्यतः प्रौढांना, इंग्रजी शिकवण्यासाठीची ही पायाभूत पात्रता. पूर्णवेळ केलं तर चार-पाच आठवडे, अर्धवेळ केलं तर काही महिने. 2020च्या साथीपासून सेल्टा पूर्णपणे ऑनलाइनही करता येतो. या सगळ्या व्यवहाराला मोघमपणे ‘टेफल’ म्हणतात. परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवणं, असा त्याचा अर्थ.

चार आठवड्यांत शिक्षक? आपल्याकडे डी.एड.ला दोन वर्षं लागतात, बी.एड.लाही आता दोनच. हे चार आठवडे थट्टेचे वाटू शकतात, आणि काही अंशी ते तसे आहेतही. पण या अभ्यासक्रमात एक गोष्ट अशी आहे जी आपल्या दोन वर्षांतही धड होत नाही, आणि एक अशी आहे जी आपण डोळे मिटून उचलू नये. दोन्हींची मुळं तो कुठे आणि कुणासाठी जन्माला आला यात आहेत.

परकी भाषा त्याच भाषेतून शिकवण्याच्या व्यवसायाची जन्मकथा बर्लिट्झ कंपनी स्वतः मोठ्या हौसेने सांगते. 1878 साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात, प्रॉव्हिडन्स गावी मॅक्सिमिलियन बर्लिट्झने भाषेची शाळा काढली. फ्रेंच शिकवायला त्याने निकोला जोली नावाच्या माणसाला पत्रावरून नेमलं. पत्रव्यवहार फ्रेंचमध्ये झालेला. माणूस हजर झाल्यावर कळलं, की त्याला इंग्रजीचा गंध नाही. त्यात बर्लिट्झ आजारी पडला, आणि वर्ग त्या माणसाच्या गळ्यात मारण्यावाचून इलाज राहिला नाही. सहा आठवड्यांनी बर्लिट्झ उठून पाहतो तो विद्यार्थी फ्रेंचमध्ये गप्पा मारताहेत! कंपनीने सांगितलेली गोष्ट आहे, तेव्हा थोडी तिखटमीठ लावलेली असणार. पण धंद्याचं सूत्र त्यातून पक्कं झालं: वर्गात शिकायची ती भाषा सोडून दुसरी भाषा बोलायची नाही, आणि शिक्षकाची मुख्य लायकी म्हणजे त्याचा जन्म.

हे सूत्र घेऊन बर्लिट्झच्या शाळा युरोपभर पसरल्या. 1904 साली त्यांच्या एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या पोला गावच्या शाळेत बावीस वर्षांचा, कफल्लक, शिकवण्याचं कसलंही शिक्षण न घेतलेला एक आयरिश तरुण ऑस्ट्रियाच्या नौदल अधिकाऱ्यांना इंग्रजी शिकवू लागला. पुढच्या वर्षी तो त्रिएस्तला गेला. त्याचं नाव जेम्स जॉइस. नंतरच्या खासगी शिकवण्यांत त्याला इतालो स्वेव्हो या टोपणनावाने लिहिणारा एक व्यापारी विद्यार्थी भेटला आणि इटालियन साहित्याचं भलं झालं. बाकीच्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजीचं काय झालं, ते त्यांनाच ठाऊक.

आपल्याकडे त्या काळात नेमका उलटा रस्ता चालू होता. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्यान्‌पिढ्या पोसल्या गेल्या. नियम, शब्द, मग मराठी वाक्याचं इंग्रजी आणि इंग्रजीचं मराठी. त्या पुस्तकाने मराठी माणसाला इंग्रजी वाचायला आणि अर्ज लिहायला शिकवलं, हे निर्विवाद. तोंड उघडायला शिकवलं का, हा प्रश्न घरातल्या जुन्या मंडळींना विचारून पाहावा.

इंग्रजी शिकवणाऱ्यालाही शिकवावं लागतं, हे व्यवहारात आणलं ते जॉन हेक्राफ्ट यांनी. त्यांनी आणि त्यांच्या स्वीडिश पत्नी ब्रिटा यांनी 1953 साली स्पेनमधल्या कोर्दोबा शहरात इंग्रजीची शाळा सुरू केली. काही वर्षांनी ते लंडनला आले आणि तिथे इंटरनॅशनल हाउस ही संस्था उभी राहिली. विद्यार्थी वाढत होते, नव्या शाळा निघत होत्या, आणि शिक्षक म्हणून मिळत होते ते नुकते पदवीधर झालेले, जग पाहायला निघालेले तरुण. त्यांना वर्षभर विद्यापीठात बसवायला वेळ कुणाला होता? 1962 साली हेक्राफ्ट यांनी दोन आठवड्यांचा अभ्यासक्रम काढला. सिद्धान्त जुजबी, पण पहिल्या दिवसापासून खऱ्या विद्यार्थ्यांसमोर उभं राहून शिकवायचं, आणि कुणीतरी जाणता मागे बसून ते पाहणार. तोच पुढे चार आठवड्यांचा झाला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सने त्याला प्रमाणपत्राचं रूप दिलं, 1988मध्ये तो केंब्रिजच्या परीक्षा मंडळाकडे गेला आणि 1996मध्ये त्याला सेल्टा हे नाव मिळालं. ढाचा मात्र हेक्राफ्टचाच राहिला.

हा ढाचा ज्यांच्यासाठी बेतला गेला, त्यांना इंग्रजी उत्तम येत होतं. ते कसं येतं, हे मात्र सांगता येत नव्हतं. त्या काळात ब्रिटिश शाळांतून व्याकरण शिकवणं झपाट्याने कमी झालं होतं. ‘प्रेझेंट परफेक्ट’ म्हणजे काय असं विचारलं, की ऑक्सफर्डचा पदवीधरही छताकडे बघायचा. त्यामुळे अभ्यासक्रमाचा बराचसा वेळ त्यांना त्यांचीच भाषा बाहेरून दाखवण्यात जातो. आपल्याकडचा, बारा काळ तोंडपाठ असलेला माणूस या वर्गात बसला, तर पहिल्या आठवड्यात तो आजूबाजूला जरा दयेनेच पाहतो. त्याची पंचाईत होते ती दुसऱ्या आठवड्यात. कारण त्याला सगळं माहीत असतं, आणि माहीत असलेलं सगळं सांगून टाकण्याची त्याला जन्माची सवय असते.

सेल्टाचं गणित असं. किमान 120 तासांचं प्रशिक्षण. त्यात सहा तास प्रत्यक्ष शिकवणं, तेही खऱ्या विद्यार्थ्यांना, दोन वेगवेगळ्या पातळ्यांच्या वर्गांत. शिवाय अनुभवी शिक्षकांचे सहा तास पाहायचे आणि चार लेखी कामं करून द्यायची. सहा तास हा आकडा किरकोळ वाटतो. पण हे सहा तास चाळीस-पन्नास मिनिटांच्या तुकड्यांत येतात, आणि प्रत्येक तुकड्याला मागच्या बाकावर प्रशिक्षक आणि गटातले पाच-सहा सहाध्यायी लिहीत बसलेले असतात. विद्यार्थीही नाटकातले नसतात. गावातली, इंग्रजीची गरज असलेली प्रौढ माणसं फुकट किंवा नाममात्र फीत या सरावाच्या वर्गांना येतात. पाठ फसला तर ती जांभया देतात, दुसऱ्या दिवशी येत नाहीत.

बी.एड. केलेल्या वाचकांना यातलं पुष्कळ ओळखीचं वाटेल. पाठ टाचण आहे, सराव पाठ आहेत, निरीक्षक आहेत. फरक बारकाव्यात आहे. इथल्या टाचणात ‘विद्यार्थ्यांना भूतकाळाची ओळख करून देणे’ असला उद्देश चालत नाही. पाठ संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता येईल ते लिहायचं: मागच्या सुट्टीविषयी जोडीदाराला तीन प्रश्न विचारता येतील, वगैरे. प्रत्येक टप्प्यापुढे मिनिटं. कोण कुणाशी बोलणार हे वेगळ्या रकान्यात. आणि एक रकाना अडचणींचा: या वाक्यात विद्यार्थी कुठे ठेचकाळतील आणि तेव्हा मी काय करीन. वर्गात अरब असतील तर एक अडचण, जपानी असतील तर दुसरी. मराठी विद्यार्थी असतील तर ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ येणार, ‘शिप’ आणि ‘शीप’ एकच होणार, हे आधी लिहून ठेवायचं.

एक पाठ जवळून पाहू. शिकवायचं आहे ‘आय शुड हॅव टेकन ॲन अम्ब्रेला’. नवखा प्रशिक्षणार्थी काय करतो? फळ्यावर सूत्र लिहितो, भूतकाळातील पश्चात्तापासाठी ही रचना वापरतात असं सांगतो, दोन उदाहरणं देतो आणि विचारतो, ‘डू यू अंडरस्टँड?’ वर्ग एका सुरात ‘येस’ म्हणतो. मागे बसलेला प्रशिक्षक वहीत एक रेघ ओढतो. कारण त्या ‘येस’ला काडीचा अर्थ नाही. न समजलेलाही येसच म्हणतो, किंबहुना तोच आधी म्हणतो.

चांगला पाठ सुरू होतो चित्राने. एक माणूस बसथांब्यावर नखशिखान्त भिजला आहे. घरात खुंटीला छत्री. शिक्षक वाक्य सांगत नाही, आधी वर्गाकडून काढून घ्यायचा प्रयत्न करतो: हा मनात काय म्हणत असेल? कुणी म्हणतं, ‘आय फरगॉट अम्ब्रेला’. चांगलं आहे, आणखी? मग वाक्य येतं, आलं नाही तर शिक्षक देतो, आणि समजलं का असं न विचारता छोटे छोटे प्रश्न टाकतो. त्याने छत्री घेतली होती का? नाही. घेतली असती तर बरं झालं असतं का? हो. आता काही करता येईल का? नाही. त्याला कसं वाटतंय? वाईट. यांना कल्पना तपासण्याचे प्रश्न म्हणतात. त्यांची अट अशी, की प्रश्नात ती नवी रचना वापरायची नाही, आणि उत्तर एका-दोन शब्दांत यायला हवं. हे प्रश्न आयत्या वेळी सुचत नाहीत. रात्री बसून लिहावे लागतात, आणि लिहिताना कळतं, की जन्मभर बरोबर वापरलेल्या वाक्याचा अर्थ आपण कधी उलगडून पाहिलाच नव्हता.

नंतर उच्चार. ‘शुड हॅव’ बोलताना ‘शुडव्ह’ होतं. ते तसं शिकवलं नाही, तर विद्यार्थ्याला सिनेमातला माणूस काय म्हणाला ते कधी कळणार नाही. शिक्षक बोटांवर शब्द मोजतो आणि दोन बोटं एकमेकांना चिकटवून दाखवतो, की हे दोन शब्द बोलताना एक झाले. बोटं चुकीलाही कामी येतात. कुणी ‘आय गो टू मार्केट यस्टरडे’ म्हणालं, तर पाच बोटं वर करून दुसरं बोट हलवायचं. शब्द न उच्चारता चूक कुठे आहे ते दाखवलं, दुरुस्ती त्याने स्वतः केली. इंग्रजीतला आघात तर आपल्या लोकांना खास शिकवावा लागतो. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, ‘फटॉग्रफर’मध्ये दुसऱ्यावर, ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर, आणि जोर सरकला की शेजारचे स्वर पुसट होतात. आपण तिन्ही शब्द सपाट, प्रत्येक अक्षराला समान न्याय देत उच्चारतो. लोकशाही म्हणून हे चांगलं आहे, पण परदेशातला ऐकणारा गोंधळतो.

सगळ्यात जास्त ओरडा बसतो तो शिक्षकाच्या बोलण्याला. साधा हिशेब करून बघा. बारा जणांचा वर्ग, साठ मिनिटांचा तास. शिक्षकाने निम्मा वेळ स्वतः घेतला आणि उरलेल्यात एकेकाला उभं करून विचारलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीच मिनिटं. तीच तीस मिनिटं जोड्या करून बोलायला दिली तर प्रत्येकाला पंधरा. कानाला गोंगाट वाटतो, मुख्याध्यापक खिडकीतून डोकावून जातात, पण हिशेब हिशेब आहे. म्हणून सूचनाही मोजून द्यायच्या. कागद वाटण्याआधी काय करायचं ते सांगायचं, कारण कागद हातात पडला की कुणी ऐकत नाही. आणि ‘कळलं का?’ ऐवजी ‘लिहायचं आहे की बोलायचं? एकट्याने की जोडीने?’ असं विचारायचं. ‘तर आता आपण काय करणार आहोत, की मी तुम्हाला एक कागद देणार आहे, आणि त्या कागदावर...’ हे गुऱ्हाळ पहिल्या आठवड्यात सगळेच लावतात. कागदावर आपलीच वाक्यं जशीच्या तशी लिहून मिळाली, की चौथ्या पाठापर्यंत ते थांबतं.

आणि हीच ती गोष्ट, जिच्यासाठी या चार आठवड्यांचे पैसे मोजावेत. पाठ संपल्यावर गट बसतो. आधी शिकवणारा स्वतः बोलतो, मग सोबती, मग प्रशिक्षक. ‘छान झाला’ या शेऱ्याला किंमत नसते. दहा वाजून बारा मिनिटांनी तू प्रश्न विचारलास आणि उत्तराला दोन सेकंदही न थांबता स्वतःच उत्तर दिलंस. डाव्या बाजूच्या रांगेतल्या बाईंना पूर्ण तासात एकदाही बोलायला मिळालं नाही. अशी नोंद असते. हे ऐकताना माणसं रडतात, चिडतात, एखाददुसरा सोडूनही जातो. पण पुढच्या पाठात त्या बाईंना बोलायला मिळतं. आपल्या बी.एड.च्या पाठ निरीक्षण वह्या मी चाळल्या आहेत. ‘आवाज सुस्पष्ट’, ‘फलकलेखन नेटके’, ‘विद्यार्थी सहभाग उत्तम’ यापलीकडे त्यांत फारसं काही सापडत नाही, आणि पुष्कळ वह्या एका बैठकीत भरल्यासारख्या दिसतात.

लेखी कामांविषयी फार सांगण्यासारखं नाही. एका विद्यार्थ्याच्या भाषेचा बारकाईने अभ्यास, भाषाविश्लेषण, कौशल्यांवरचं काम, आणि आपल्याच शिकवण्याचा आढावा. श्रेणी तीन. बहुतेकांना साधी उत्तीर्ण मिळते, अ श्रेणी थोड्यांना. नापास कमी होतात, कारण चाळण प्रवेशाच्या मुलाखतीलाच लागलेली असते. प्रत्येक तुकडीला बाहेरचा परीक्षक येऊन पाहून जातो.

या शेवटच्या वाक्यामुळे बाजारात काय तपासावं तेही कळतं. ‘टेफल प्रमाणपत्र’ हे नाव कुणाच्या मालकीचं नाही. कुणीही खोली घेऊन किंवा नुसतं संकेतस्थळ काढून ते विकू शकतो. सेल्टाचा 120 तासांचा आकडा तर आता मापच झाला आहे. दोन-चार हजारांत घरबसल्या ‘120 तासांचं टेफल’ देणाऱ्या जाहिराती दिसतात. त्यात तास म्हणजे चित्रफिती पाहणं आणि बरोबर पर्यायावर टिचकी मारणं. खऱ्या विद्यार्थ्यांसमोर किती तास शिकवायचं, ते पाहून कोण सांगणार, आणि प्रमाणपत्र देणाऱ्यापेक्षा वेगळा कुणी तपासतो का, हे तीन प्रश्न विचारले की बहुतेक जाहिरातींची हवा जाते. व्हिएतनामसारख्या देशांत परवान्यासाठी पदवीच्या जोडीला असं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे विकणाऱ्यांचं फावतं.

प्रमाणपत्र हातात असूनही मराठी माणसाला एक भिंत लागते. दक्षिण कोरिया भाषाशिक्षकांना ई-2 व्हिसा देताना इंग्रजीसाठी साधारणपणे सातच देशांचे नागरिक धरतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. बर्लिट्झचा जन्मसिद्ध शिक्षक दीडशे वर्षांनी असा सरकारी कागदावर शिल्लक आहे. हंगेरीचे पीटर मेजेस यांनी 1994 साली ‘द नॉन-नेटिव्ह टीचर’ या पुस्तकात याचा समाचार घेतला. जो स्वतः ती भाषा धडपडत शिकला, त्याला खाचखळगे ठाऊक असतात, शिकणाऱ्याची भाषा ठाऊक असते, आणि शिकून येतं याचा तो स्वतःच पुरावा असतो. मेजेस हे म्हणतात तेव्हा त्यात स्वतःच्या जमातीचा कैवार आहे, हे उघड आहे. म्हणून ते खोटं ठरत नाही.

आता डोळे मिटून न उचलण्याची गोष्ट. वर्गात फक्त इंग्रजीच, हा या सगळ्या परंपरेचा अलिखित नियम. तो आला कुठून? लंडनच्या वर्गात एक स्पॅनिश, दोन जपानी, एक तुर्की, एक इराणी असे विद्यार्थी. त्यांना सामाईक भाषाच नव्हती, आणि शिक्षकाला इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं. नाइलाज होता तो हळूहळू तत्त्व होऊन बसला. 1961 साली युगांडात मकेरेरे इथे राष्ट्रकुलातल्या इंग्रजी शिक्षणावर परिषद झाली. तिच्यातून पसरलेल्या पाच समजुतींची रॉबर्ट फिलिपसन यांनी 1992 साली ‘लिंग्विस्टिक इम्पीरियलिझम’मध्ये चिरफाड केली. इंग्रजी फक्त इंग्रजीतूनच शिकवावी, आदर्श शिक्षक म्हणजे मातृभाषक, जितक्या लवकर सुरू कराल तितकं चांगलं, जितकी जास्त शिकवाल तितकं चांगलं, आणि दुसऱ्या भाषा वापरल्या तर इंग्रजीचा दर्जा घसरतो. या पाचांपैकी एकही सिद्ध झालेली नाही, असं त्यांचं म्हणणं. पुस्तक सूडाच्या सुरात लिहिल्यासारखं वाटतं खरं, पण पहिल्या मुद्द्यावर त्यांचं म्हणणं मला पटतं. भिजलेल्या माणसाचं वाक्य नाशिकच्या वर्गात शिकवताना ‘छत्री घ्यायला हवी होती’ एवढं एकदा म्हटलं, की अर्थाचं काम दहा सेकंदांत संपतं. उरलेला वेळ बोलण्याला. अट एवढीच, की ते दहा सेकंदच असावेत. आपल्याकडे तासभर मराठीतून इंग्रजीविषयी बोलणं चालतं, तो दुसरा टोकाचा रोग.

शिवाय आपल्या उपखंडात इंग्रजी कशी शिकवावी याचा विचार लंडनची वाट पाहत थांबला नव्हता. ढाक्याला शिक्षक घडवणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी 1926 सालच्या अहवालात विम्याच्या भाषेतला एक प्रश्न विचारला: मूल शाळा मध्येच सोडून गेलं, तर तोवर शिकलेल्या इंग्रजीचं त्याच्या हातात काय पडतं? पॉलिसी मध्येच मोडली तर मिळणाऱ्या रकमेसारखं. बंगालची बहुतेक मुलं शेवटपर्यंत टिकत नव्हती, म्हणून त्यांनी आधी वाचन शिकवा असा आग्रह धरला आणि मोजक्या शब्दांची वाचनमाला तयार केली. 1979 ते 1984 या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगळूर, मद्रास अशा दक्षिणेतल्या ठिकाणच्या साध्या शाळांत व्याकरणाचा क्रमच बाजूला ठेवला. मुलांना रेल्वेचं वेळापत्रक द्यायचं आणि विचारायचं, संध्याकाळी सहाच्या आत पोचायचं तर कोणती गाडी? डोकं गणितात गुंतलं, की भाषा मागून येते. कृतीवर आधारलेल्या भाषाशिक्षणाची जगभरची पुस्तकं या प्रयोगाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जात नाहीत. आपल्याकडच्या बी.एड.च्या मुलांनी प्रभूंचं नाव ऐकलेलं असतं का, याविषयी मला शंका आहे.

महाराष्ट्राने 2000 साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणलं. तोवर ते पाचवीपासून होतं. मकेरेरेची ‘लवकर सुरू करा’ ही समजूत अशी घरी आली. पण पहिलीचे गुरुजी आणि बाई इंग्रजी शिकवण्यासाठी घडवलेले नव्हते. मग प्रशिक्षणं झाली, पुष्कळ झाली. सभागृहात शंभर शिक्षक, समोर एक तज्ज्ञ आणि पडद्यावर सरकती पानं. बोलणारा एक आणि ऐकणारे शंभर, अशा पद्धतीने ‘कमी बोला’ हे शिकवलं गेलं. त्यातल्या त्यात वेगळा म्हणावा तो राज्य शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्स यांचा तेजस प्रकल्प. त्यात शिक्षकांचे छोटे गट ठरावीक काळाने भेटत, वर्गात काय करून पाहिलं ते एकमेकांना सांगत. पण सांगणं आणि पाहणं यांत फरक आहे. ‘मी जोडीकाम घेतलं’ असं सांगता येतं. त्यात मागच्या बाकावरच्या मुलांना बोलायला मिळालं का, ते दुसऱ्याने बसून पाहिल्याशिवाय कळत नाही.

साठ मुलांच्या वर्गाला सेल्टा जसाच्या तसा लागू पडत नाही. तो बारा-पंधरा प्रौढांसाठी रचलेला आहे, नावातलं शेवटचं अक्षर मूळचं प्रौढांचंच. पण मागे बसून पाहण्याला पटसंख्येची अडचण नाही. शेजारच्या वर्गावरच्या बाईंनी आठवड्यातून एकदा येऊन मागे बसावं आणि ‘छान’ सोडून फक्त तीन गोष्टी लिहाव्यात: शिक्षक किती मिनिटं बोलले, किती मुलं बोलली, आणि प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबले. पुढच्या आठवड्यात अदलाबदल. याला केंब्रिजची फी लागत नाही की शासन निर्णय. लागतो तो एक मोकळा तास, आणि मतदार याद्या, सर्वेक्षणं, पोषण आहाराच्या नोंदी आणि रोज भरायची ऑनलाइन माहिती यांतून जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला तो कसा काढून द्यायचा, हे कुठल्याच अभ्यासक्रमात नाही.